पी०४२० आला, पण कन्व्हर्टर वाचला
चेक इंजिनचा दिवा, स्कॅनरवर पी०४२०, म्हणजे एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड. गॅरेजवाल्याचं उत्तर तयारच: कन्व्हर्टर बदला. एवढा महागडा भाग नुसत्या कोडवर कोण बदलेल? स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनचे सेन्सर त्या क्षणी काय दाखवतात ते, बघितला. इंजिन गरम असताना पुढचा, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये नाचतो, ते बरोबरच. मागचा, कन्व्हर्टरनंतरचा, मात्र ०.६-०.७ च्या आसपास स्थिर हवा. माझा मध्येच ०.२ पर्यंत कोसळत होता. थंड इंजिन सुरू करून कान दिला तर खालून टिक-टिक. मागच्या सेन्सरच्या जरा आधी, एक्झॉस्ट पाइपच्या फ्लँजच्या (नटबोल्टने आवळलेल्या) जोडावर काजळीचा फराटा! तिथून बाहेरची हवा आत खेचली जाऊन सेन्सर फसत होता. गॅस्केट आणि गंजलेले नटबोल्ट बदलले, कोड पुसला. नुसता दिवा विझला म्हणून खूश होण्यात अर्थ नसतो. कॅटॅलिस्ट मॉनिटर, म्हणजे कन्व्हर्टर तपासणारी गाडीची स्वतःची चाचणी, पूर्ण होईपर्यंत गाडी चालवली. तो पास झाला.