हापूसच्या ऑर्डरी मेमरीतून हलेनात: पायथनमधले अडकलेले संदर्भ कसे शोधायचे

देवगड-रत्नागिरीकडे बागायतदारांसाठी ऑर्डरींचा, नाहीतर मालवणात होमस्टेच्या बुकिंगचा प्रोग्राम लिहिणाऱ्या नवशिक्यांना काम संपलेले ऑब्जेक्ट मेमरीत साचत जाण्याचा दोष फार उशिरा कळतो. दुकानातल्या संगणकावर लाइट गेली की प्रोग्राम बंद, आली की नव्याने सुरू. पावसाळ्यात तर मेमरी दिवसाआड आपोआप धुऊन निघते. तोच प्रोग्राम १ जीबी रॅमच्या भाड्याच्या सर्व्हरवर जातो, मार्च ते मेच्या हंगामात आठवडाभर न थांबता चालतो, आणि एके रात्री लिनक्स त्याला मारून टाकतं. पायथनच्या लॉगमध्ये ओळसुद्धा नसते. कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ दिसतं.

आधी खात्री करा. नुसता मेमरीचा आकडा पाहून काही ठरत नाही, कारण मोकळी झालेली जागा पायथन लगेच ऑपरेटिंग सिस्टिमला परत देईलच असं नाही. ऑब्जेक्ट मोजा. एकच काम, समजा एक ऑर्डर घेऊन पावती काढणं, आधी १० वेळा चालवा आणि तो आकडा सोडून द्या. त्यात इम्पोर्ट आणि कॅशे भरलेले असतात. मग १००-१०० च्या फेऱ्या करा. प्रत्येक फेरीनंतर ‘जीसी.कलेक्ट’ (पायथनचा कचरा गोळा करणारं फंक्शन) चालवून ‘जीसी.गेट_ऑब्जेक्ट्स’च्या यादीतून आपल्या ‘ऑर्डर’ क्लासचे किती उरलेत ते पाहा. फेरीगणिक १०० वाढले तर संदर्भ, म्हणजे ऑब्जेक्टला धरून ठेवणारा दुवा, कुठेतरी अडकलाय. आकडा स्थिर आणि मेमरी मात्र वाढतेय, तर शोध वेगळा: मोठ्या स्ट्रिंग, बाइट्स किंवा सी भाषेतली लायब्ररी. स्ट्रिंग आणि आकडे या यादीत येतच नाहीत. त्यांच्यासाठी मेमरी कुठल्या ओळीने घेतली ते सांगणारा ‘ट्रेसमॅलॉक’ वापरा, तो पायथन ३.४ पासून सोबतच येतो.

‘कलेक्ट’च्या आधी आणि नंतर, असं दोनदा मोजलंत तर अर्धं काम तिथेच होतं. सीपायथन, म्हणजे आपलं नेहमीचं पायथन, मुळात संदर्भ मोजून चालतं. मोजणी शून्यावर आली की ऑब्जेक्ट जातो. ऑर्डर पेटीला धरून आणि पेटी ऑर्डरला धरून असेल तर मोजणी कधीच शून्य होत नाही. असली वर्तुळं गोळा करायला वेगळा कलेक्टर आहे. म्हणजे ‘कलेक्ट’नंतर आकडा उतरला तर वर्तुळ होतं, न उतरला तर कुणीतरी जिवंत धरून बसलंय. ‘डेल’ने सुटका होईल ही आशा सोडा; ते फक्त नाव पुसतं.

धरणारा शोधायचा तो ‘जीसी.गेट_रेफरर्स’ने. उरलेला एक ऑब्जेक्ट घ्या आणि मोजताना केलेली यादी आधी टाकून द्या, नाहीतर पहिला आरोपी तीच निघते. उत्तरात डिक्शनरी आली तर ती कुणाची, हे पुन्हा त्याच फंक्शनला विचारा. असं वर चढत एखाद्या मॉड्यूलपर्यंत पोचलात की साखळी पूर्ण. हाताने कंटाळा येतो. ‘ऑब्जग्राफ’ लायब्ररीचं ‘शो_बॅकरेफ्स’ हीच साखळी चित्रात काढून देतं, त्यासाठी ग्राफव्हिझ हे आकृत्या काढणारं सॉफ्टवेअर लागतं. संदर्भ मोजून सांगणाऱ्या ‘सिस.गेटरेफकाउंट’वर मात्र फार विसंबू नका. तो स्वतःचाही एक संदर्भ धरतो म्हणून आकडा एकाने जास्त यायचा, आणि पायथन ३.१४ पासून तर तेही पक्कं राहिलेलं नाही.

बहुतेक वेळा सापडणारे चोर ठरलेले आहेत. सगळ्यात लबाड म्हणजे मेथडवर लावलेला ‘एलआरयू_कॅशे’ (आधीची उत्तरं साठवून ठेवणारा डेकोरेटर). पुण्याला पेटी पाठवण्याचं भाडं काढणाऱ्या मेथडवर तो लावला की ‘सेल्फ’ही कॅशेच्या किल्लीचा भाग होतो आणि अख्खी ऑर्डर अडकते. खूण सोपी: आकडा १२८ पर्यंत वाढून थांबतो, कारण मूळ मर्यादा तेवढी आहे. मर्यादा ‘नन’ ठेवली असेल तर थांबतच नाही. भाड्याचं गणित क्लासबाहेर साध्या फंक्शनमध्ये न्या आणि त्याला पिनकोड आणि वजन एवढंच द्या.

दुसरा, यादीत साठवलेली एक्सेप्शन. तिच्यासोबत ट्रेसबॅक (चूक कुठून आली त्याचा माग) येतो, ट्रेसबॅकसोबत फ्रेम (चाललेल्या फंक्शनची नोंद), आणि फ्रेममध्ये त्या फंक्शनची सगळी लोकल नावं. पेमेंट फसलेल्या ऑर्डरी ‘नंतर बघू’ म्हणून अशा ठेवल्या की हंगामभर साचतात. ‘ट्रेसबॅक.फॉरमॅट_एक्स्क’ने मजकूर काढून तेवढाच ठेवा.

तिसरा, नोंदवून विसरलेला कॉलबॅक, म्हणजे नंतर बोलावण्यासाठी दिलेलं फंक्शन. ऑब्जेक्टची मेथड नोंदवली की ऑब्जेक्टही धरला जातो. इथे साधा ‘वीकरेफ.रेफ’ (ऑब्जेक्टला जिवंत न ठेवणारा कमकुवत संदर्भ) लावला तर उलटी फजिती होते: मेथडचा तो तात्पुरता ऑब्जेक्ट लगेच मरतो आणि कॉलबॅक कधी येतच नाही. त्यासाठी ‘वीकमेथड’ आहे.

आणि शोध कन्सोलवर चालला असेल तर आधी स्वतःची झडती घ्या. शेवटचं उत्तर अंडरस्कोरमध्ये राहतं, शेवटची चूक ‘सिस.लास्ट_ट्रेसबॅक’मध्ये, आणि आयपायथन तर जुनी उत्तरं ‘आउट’मध्ये जपून ठेवतं. म्हणून मोजणी वेगळ्या स्क्रिप्टमधूनच करावी असं आमचं मत.

दुरुस्तीनंतर टेस्ट लिहा. एका छोट्या फंक्शनमध्ये ऑर्डर तयार करा, काम उरका आणि फक्त तिचा ‘वीकरेफ’ परत द्या. बाहेर ‘कलेक्ट’ चालवून तो ‘नन’ देतो का ते तपासा. ऑर्डर टेस्टच्याच अंगात तयार केलीत तर टेस्टचं लोकल नावच तिला धरून ठेवतं आणि दुरुस्त कोडही नापास दिसतो.