धडपड्या मुलांच्या घरात आभारप्रार्थना कशी रुजवावी

वसईतील आमच्या घरी नऊ आणि सहा वर्षांचे दोन मुलगे आहेत. घरातील कोणतीही वस्तू त्यांच्या हाती लागली की तिचे दुसरेच काहीतरी होते: सुपाची होडी, उशांचा बांध, केळीच्या सोपटाची तलवार. मुले झोपल्यावर देवाचे आभार मानणे फारसे कठीण नसते. मुले जागी असताना, त्यांच्या गोंगाटात आणि त्यांना ऐकू जाईल असे आभार मानणे मात्र शिकावे लागते, आणि ते सरावाने जमते, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात बायबलमधील पत्रे लिहिणाऱ्या संत पौलाच्या एका वाक्यापासून करावी. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.’ येथे ‘स्थितीत’ हा शब्द नीट पाहावा. लोणच्याची बरणी फुटल्याबद्दल आभार माना, असे पौल सांगत नाही. बरणी फुटलेली असतानाही आभार मानण्यासारखे काहीतरी समोर असते, ते शोधायला तो सांगतो. त्यामुळे ‘देवा, मुलांबद्दल तुझे आभार’ असे मोघम न म्हणता त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट उच्चारावी: थोरल्याने धाकट्याच्या सँडलचा पट्टा लावून दिला, धाकट्याने काच लागू नये म्हणून मांजराला उचलून बाजूला नेले. दिवसातली एक ठरावीक वेळ यासाठी पक्की केली की विसर पडत नाही. मी ती चिखलाचे कपडे धुण्याची ठेवली आहे, कारण दिवसभरात माझी सर्वांत जास्त चिडचिड त्याच वेळी होते.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलांच्या हातांना देवाच्या घरचे काम द्यावे. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात परमेश्वर मोशेला सांगतो की, सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांचे कसबी काम करता यावे म्हणून मी बसालेल नावाच्या कारागिराला माझ्या आत्म्याने भरले आहे. हा उतारा मी कितीतरी वर्षे निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूच्या, मोजमापांच्या ओघात वाचून पुढे जात होते. मुलगे झाल्यावर मी तेथे थांबले, कारण कातरण्याची, जोडण्याची, ठोकण्याची ओढ हीसुद्धा आत्म्याची देणगी असू शकते, असे तो उतारा सरळ शब्दांत सांगतो.

आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचे साधारण चार आठवडे, यासाठी फार सोयीचा आहे. नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, हिरवळ हवी म्हणून नाचणी पेरण्याची आपल्याकडील जुनी रीत मुलांच्या हाती पूर्णपणे सोपवावी. साधारण पंधरा दिवस आधी मूठभर नाचणी रात्रभर भिजत घालावी, करवंट्यांत किंवा पसरट ताटलीत दोन बोटे माती भरून तीवर दाणे दाट पसरावेत, वरून मातीचा अगदी पातळ थर द्यावा आणि रोज हातानेच पाणी शिंपडावे. तांब्याने ओतल्यास दाणे एका कडेला वाहून जातात. गेल्या वर्षी चौथ्या दिवशी मी पाहिले तर धाकट्याने अर्धी करवंटी उपटून रोपे ओळीने फरशीवर मांडली होती. मी ओरडणार इतक्यात तो म्हणाला, ‘‘आई, मुळं खाली जातात हे त्यांना कोण सांगतं, ते बघतोय.’’ केसासारखी पांढरी मुळे आणि त्यांना चिकटलेली माती मी त्याच्याशेजारी बसून पाहिली. मग आम्ही दोघांनी ‘हे त्यांना सांगणाऱ्या देवा, तुझे आभार’ एवढेच म्हटले आणि नवीन नाचणी भिजत घातली. आमच्या गोठ्यात एका बाजूचे गवत आखूड राहिले, पण पाहुण्यांना दाखवताना तो तीच बाजू आधी दाखवत असे.

अशा कामांना मर्यादा मात्र असाव्यात. पुठ्ठे, सुतळी, करवंट्या आणि चिंध्या यांची एक पेटी त्यांच्या मालकीची असावी. पेटीबाहेरची वस्तू विचारल्याशिवाय कापायची नाही आणि दिवेलागणीला पसारा आवरायचा, हे दोन नियम आमच्याकडे पुरतात.

दमलेल्या आयांना मी निराधार मुलांसाठी झटलेले संत डॉन बॉस्को यांच्या आईची, मार्गरीटा यांची गोष्ट नेहमी सांगते. इटलीतील या शेतकरी बाईंचे पती 1817 मध्ये वारले, तेव्हा धाकटा जॉन, म्हणजे पुढचे डॉन बॉस्को, दोन वर्षांचाही नव्हता. सावत्र थोरला धरून तीन मुलगे त्यांनी वाढवले. जॉन डोंबाऱ्यांसारखा दोरीवर चालायला आणि हातचलाखीचे खेळ करायला शिकला, तेव्हा त्यांनी त्याला अडवले नाही. तो गावातल्या लोकांकडून आधी रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, म्हणवून घेई आणि मग खेळ दाखवी. पुढे धर्मगुरू झालेल्या या मुलाने तुरीन शहरातील निराधार मुले गोळा केली, आणि 1846 मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, मार्गरीटा त्या मुलांच्या आई होण्यासाठी तेथे राहायला गेल्या. एकदा मुलांनी लढाईच्या खेळात त्यांची भाजीची बाग तुडवली. आता मला गावी जाऊ दे, असे मार्गरीटा आपल्या मुलाला म्हणाल्या. डॉन बॉस्को यांनी काही न बोलता भिंतीवरील क्रुसाकडे बोट केले, आणि त्या पुन्हा कामाला लागल्या. संत घडवणाऱ्या आईलाही ‘आता पुरे’ असे वाटले होते, ही गोष्ट मला उपदेशाच्या दहा पुस्तकांहून अधिक धीर देते. स्वयंपाकघरात ओट्यासमोर, नजर सहज जाईल अशा जागी, एक छोटा क्रूस लावावा, तो यासाठीच.

रात्रीच्या प्रार्थनेत मुलांना गुडघ्यांवर अर्धा तास खिळवून ठेवू नये. रोझरीचे एकच दशक, म्हणजे दहा मण्यांचा एक भाग, म्हणावे, मेणबत्ती धाकट्याने लावावी, मणी थोरल्याने मोजावेत, आणि शेवटी प्रत्येकाने, बाबांनीही, आजचा एक आभार सांगावा. धाकटा सलग नऊ दिवस बेडकाचे आभार मानतो, तर मानू द्यावेत. मुलाच्या देखत ‘देवा, याला सुबुद्धी दे’ अशी प्रार्थना मात्र कधीही करू नये. ते देवाला तोंडी लावून केलेले रागावणे आहे, हे मुलांना लगेच कळते आणि प्रार्थनेचीच त्यांना धास्ती बसते. मिस्साला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, शक्यतो पुढच्या बाकावर बसावे, कारण मागे बसलेल्या मुलाला मोठ्यांच्या पाठींशिवाय काहीच दिसत नाही. त्या दिवसाचे शुभवर्तमान, म्हणजे तेथे वाचला जाणारा येशूविषयीचा उतारा, वाटेवरच गोष्टीसारखे सांगून ठेवले तर तो ते ओळखण्यासाठी कान देऊन ऐकतो.

रागाच्या भरात हात उठला किंवा नको तो शब्द गेला, तर रात्र होण्याआधी मुलाची क्षमा मागावी, आणि कारणे देत बसू नये. इफिसकरांच्या पत्रात मुलांना चिरडीस आणू नका, असे पौलाने बापांना बजावले आहे. ते आयांनाही लागू आहे. काही दिवस असेही येतात की आभाराचा शब्द तोंडातून निघत नाही. तेव्हा बायबलमधील तेरावे स्तोत्र मोठ्याने वाचावे. त्याची सुरुवातच ‘किती काळ’ या प्रश्नाने होते. असे दिवस आठवडेच्या आठवडे लांबले, झोप आणि भूक गेली, तर धर्मगुरूंशी बोलावे आणि डॉक्टरांकडेही जावे. तोवर रात्रीची मेणबत्ती मुलांना लावू द्यावी आणि आपण नुसते शेजारी बसावे. त्या रात्रीचा आभार आमच्या घरी थोरला माझ्या वाटचाही सांगतो.