कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान आधी काय होतं, ते कसं शोधायचं

नारायण पेठेत आमच्या घराजवळ कोपऱ्यावर एक लहान दुकान आहे. दुधाच्या पिशव्या, ब्रेड, उदबत्ती, साबण, मोबाइलचं रिचार्ज. पाटीवर देवाचं नाव आणि पुढे 'स्टोअर्स'. पण आईनं मला त्या नावानं तिथे कधीच पाठवलं नाही. ती म्हणायची, "वखारीतून अर्धा किलो साखर आण." वखारीत साखर कशी काय मिळते, हा प्रश्न मला पडला तेव्हा चाळिशी उलटली होती आणि आई नव्हती. तेव्हापासून मी पेठेतल्या दुकानांची जुनी रूपं शोधते आहे. तुम्हालाही आपल्या गल्लीतलं एखादं दुकान शोधायचं असेल, तर मी कशी जाते ते सांगते.

कागदांपासून सुरुवात करू नका, तोंडी नावापासून करा. घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, या दुकानाला तुम्ही काय म्हणता? 'वखार', 'कंट्रोल' (म्हणजे रेशनचं दुकान), 'इराण्याचं', 'एसटीडी' अशी नावं मिळतील आणि एकाच दुकानाची दोन-तीन मिळतील. सगळी लिहून घ्या. कोण कोणतं नाव घेतं आणि त्या माणसाचं वय काय, तेही लिहा. सत्तरीच्या पुढचे 'वखार' म्हणतात आणि पन्नाशीतले 'रेशनचं', एवढ्यावरूनच कोणतं रूप आधीचं ते कळतं.

"पूर्वी इथे काय होतं?" असं मात्र विचारू नका. त्याला "दुकानच होतं की" हेच उत्तर येतं. नदीकाठच्या पेठांमध्ये मी एकच प्रश्न विचारते: पानशेतच्या पुरात या दुकानातलं काय भिजलं? धरण फुटलं तो १२ जुलै १९६१ चा दिवस ज्यांनी पाहिला, त्यांना त्यातलं सगळं आठवतं. आमच्या समोरच्या आजी तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "अगं, लाकडं तरंगत गेली ना! आणि कोळशाचा नुसता काळा चिखल झाला होता दारात." लाकूड-कोळशाची वखार, प्रश्न मिटला. तुमच्या गावात पूर आला नसेल, तर १९७२ च्या दुष्काळाचं विचारा. मिलो, म्हणजे तेव्हा रेशनवर मिळणारी लाल ज्वारी, कुठून आणायचा, रांग कुठे लागायची. रेशनचं दुकान नेमकं सापडतं.

मग दुकानात जा. पुण्यात दुपारी चारनंतर, दुकान उघडून उदबत्ती लावून झाली की संध्याकाळची गर्दी सुरू होईपर्यंत थोडा निवांतपणा असतो. काहीतरी विकत घ्या, का विचारताय ते आधी सांगा आणि मग वर बघा. खाली फरशी बदललेली असते, फळ्यांची कपाटं नवी असतात, पण छताची तुळई सहसा कोणी बदलत नाही. आमच्या वखारीच्या तुळईला मधोमध एक लोखंडी आकडा आहे, अंगठ्याहून जाड. आतल्या बाजूला घासून घासून तो गुळगुळीत झालाय आणि तेवढ्याच भागाला चकाकी आहे. एवढा जाड आकडा साखर-डाळीच्या तराजूसाठी कोणी ठोकत नाही. तिथे लाकडं तोलायचा मोठा काटा टांगलेला असे. पिठाच्या गिरणीची खूण जमिनीत शोधावी लागते: मोटारीचा सिमेंटचा चौथरा, पट्ट्यासाठी भिंतीला पाडलेलं भोक.

उंबराही बघा. शटर येण्याआधी दुकानं लाकडी फळ्यांनी बंद व्हायची. एकेक फळी खोबणीत सरकवायची, आणि क्रम चुकू नये म्हणून प्रत्येकीवर आकडा कोरलेला असायचा. खोबणी उंबऱ्यात अजून दिसते. फळ्या बहुतेकदा पोटमाळ्यावर पडलेल्या असतात किंवा त्यांची मांडणी झालेली असते. आमच्या वखारीच्या फळीवर पाचाच्या जागी मला 'प' दिसला. गुजराती पाच तसाच लिहितात. म्हणजे फळ्या करून घेणारा किंवा करणारा गुजराती आकडे वापरणारा होता. त्यापुढे उडी मारून आडनाव ठरवू नका, आकड्यावरून तेवढंच कळतं.

पाटीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण माझे वडील पाट्या रंगवायचे. पत्र्यावर आधी रेड ऑक्साइड, मग जमीन म्हणजे पाटीचा मूळ रंग, मग खडूचा दोरा मारून ओळी आणि अक्षरं. जुनी पाटी नव्यानं रंगवायची तर आधीची अक्षरं खरवडायला हवीत, पण खरवडण्याचे पैसे वेगळे पडायचे. बरेच दुकानदार म्हणत, "राहू द्या, वरून एक हात मारा." त्यामुळे खालची अक्षरं ऑइलपेंटच्या जाडीनं तशीच उंच राहतात. रात्री दुकान बंद झाल्यावर टॉर्च पाटीच्या कडेला, पत्र्याला जवळजवळ टेकवून धरा. उजेड आडवा गेला की प्रत्येक जुन्या अक्षराच्या कडेला बारीक सावली पडते. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही. आमच्या 'स्टोअर्स'च्या खाली मला अशी 'रेशन दुकान क्र.' ही अक्षरं दिसली आणि वखार आणि स्टोअर्स यांच्या मधला दुवा मिळाला. उजव्या खालच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव आणि कधी कधी सालही असतं, तेही बघा.

हे काम लवकर करा. २०२२ मध्ये कायदा बदलून लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा पुष्कळ पाट्या बदलल्या. मराठी पाटी हवीच, पण त्या धांदलीत किती पत्रे भंगारात गेले असतील या विचारानं मला वाईट वाटतं. तरी विचारून बघा. पुष्कळ ठिकाणी नवा फ्लेक्स जुन्या पत्र्यावरच ठोकलेला असतो.

आता कागद. तारेला टोचलेली जुनी बिलं सापडली आणि त्यावर तारीख नसली, तरी काळ ठरवता येतो. पत्त्यात पिनकोड असेल तर बिल १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. नुसतं 'पुणे ३०' असेल तर आधीचं असू शकतं, पण खात्री नाही, कारण लोक पुढेही तसंच लिहीत राहिले. फोन नंबर पाच आकडी, मग सहा, वाढत वाढत आठ. विक्रीकराच्या नंबरापुढे बीएसटी (बॉम्बे सेल्स टॅक्स) असेल तर एप्रिल २००५ च्या आधीचं, व्हॅटचा टिन (करदात्याचा नंबर) असेल तर त्यानंतरचं, आणि जीएसटी जुलै २०१७ पासून. भाव आण्यांत असेल तर शक्यतो एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण तेव्हा नवे पैसे आले.

प्रॉपर्टी कार्ड काढायला लोक धावतात. ते काढा, पण त्यावर वाड्याच्या मालकाचं नाव असतं, भाडेकरू दुकानदाराचं नाही. त्यापेक्षा भिंतीवर चौकटीत लावलेलं शॉप ॲक्टचं जुनं प्रमाणपत्र वाचा. त्यात व्यवसायाचं स्वरूप लिहिलेलं असतं. शेजाऱ्यांच्या जुन्या रेशनकार्डांवर दुकानाचा क्रमांक असतो. पाटीखालचा क्रमांक मी त्यावरूनच ताडून घेतला.

वह्यांच्या बाबतीत एक सावधगिरी. आमच्या वखारीच्या पोटमाळ्यावर दुकानदार काकांना लाल कापडी बांधणीची एक चोपडी सापडली, खालचा अर्धा भाग चिखलानं कडक झालेला. पहिल्या पानावर 'संवत २०१७'. माझ्या भाच्यानं फोटो काढून ते २०१७ सालच्या फोल्डरमध्ये टाकले आणि महिनाभर मला ते मिळालेच नाहीत. गुजराती व्यापाऱ्यांचा विक्रम संवत दिवाळीनंतर सुरू होतो. दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत त्यातून ५७ वजा करायचे, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. म्हणजे ही वही १९६० च्या दिवाळीत पूजलेली. मराठी वहीत शके असेल तर पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. या वहीतली शेवटची नोंद पावसाळ्यातली आहे. पुढची सगळी पानं कोरी, आणि त्यांनाही चिखल लागलेला.

भाडेपावत्यांना मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका. एका दुकानात मी पावतीचा फोटो घ्यायला मोबाइल काढला आणि इतका वेळ भरभरून बोलणारे मालक एकदम गप्प झाले. त्यांची भाड्याची केस चालू होती. पुन्हा ते बोललेच नाहीत. तेव्हापासून मी कागदाला हात लावायच्या आधी परवानगी घेते, आणि फोटो काढला तर छापलेली प्रत नेऊन देते.

प्रत्येक फोटोत वस्तूशेजारी फूटपट्टी धरा, मागे तारीख आणि सांगणाऱ्याचं वय लिहा. आमच्या वखारीच्या वाड्याचं पुनर्विकासाचं बोलणं चालू आहे. तुळईच्या लोखंडी आकड्याला सध्या केळ्यांचा घड टांगलेला असतो. काकांना मी सांगून ठेवलंय, तुळई उतरवायच्या दिवशी पहिला फोन मला करा.