तीन वयांची मुलं, एकच आई

शाळेऐवजी घरीच तीन वेगवेगळ्या वयांची मुलं शिकत असतील तर प्रत्येकाला सगळे विषय वेगळे शिकवायला जाऊ नका. दुपारपर्यंत जीव मेटाकुटीला येतो आणि सगळ्यात आधी गळते ती प्रार्थना. बायबल, भजन, इतिहास सगळ्यांना एकत्र, सकाळी अर्धा-पाऊण तास. गणित आणि वाचन मात्र एकेकाला, १५ ते २० मिनिटं, धाकट्यापासून सुरुवात करून. आईचा वेळ आधी मिळाला की तो नंतर कमी लुडबुडतो.

पाठांतराला बायबलमधलं स्तोत्र २३ घ्या. सहाच वचनं आहेत, आठवड्याला एक. सोमवारी फक्त ऐकवा, मंगळवारी अर्थ बोला (चौथ्या वचनातली काठी धनगराच्या हातात पाहिलेल्या मुलाला लगेच कळते), बुधवारपासून म्हणून घ्या. शुक्रवारी मागची सगळी वचनं पुन्हा. हे टाळलं की तिसऱ्या आठवड्यात पहिलं विसरलेलं असतं. तेच वचन शुद्धलेखनाला चालतं: धाकट्याला चार शब्द, मोठ्याला पूर्ण. पण ऱ्हस्वदीर्घाच्या चुका प्रार्थनेच्या वेळी काढू नका, वचनाचीच धास्ती बसते.

बाळाला ताप, घरात पाहुणे? त्या दिवशी वचन, थोडं गणित, मोठ्याने वाचन, बस. तो दिवस बुडाला असं मानू नका, बाई.

मोठा तेरा वर्षांचा झाला की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (NIOS, शाळेत न जाता दहावी देता येते ते मंडळ) चौकशी सुरू करा. दहावीच्या प्रवेशाला वय किमान १४ लागतं. जन्मदाखल्यावरचं नाव आधारशी जुळतंय ना, ते आधीच पाहून ठेवा.