सेकंडहँड गाडी खोटी निघाली तर पैसे परत कसे मागायचे?

कापसाचे पैसे हातात आले की घरात चारचाकीचा विषय निघतो. दीड-दोन लाखांत जुनी गाडी दारात येते आणि पहिल्याच उन्हाळ्यात अमळनेर-चोपडा रस्त्यावर बोनेटमधून वाफा सोडत उभी राहते. विकणारा हात झटकतो, "जुनी गाडी शे भाऊ, इतलं ते व्हईच."

त्याचं अर्धं बरोबर आहे. जुन्या गाडीचे टायर झिजलेले असणार, क्लच जड असणार. त्यासाठी कोणी भरपाई देत नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार विक्रेत्याने मालाबद्दल जो दावा केला, त्यात माल कमी पडला तर तोही दोषच. 'इंजिन खोललेलं नाही', 'एकच मालक', 'फक्त 48 हजार किलोमीटर' असं काही तो बोलला होता का? लढाई त्या वाक्यांवर चालते. म्हणून ती वाक्यं आधी शोधा: जाहिरातीत, व्हॉट्सअॅपवर, पावतीवर.

गाडी घेतली कोणाकडून, हे आधी ठरवा

गाडी जुन्या गाड्यांच्या दुकानातून घेतली असेल तर तुम्ही ग्राहक आहात आणि जिल्हा ग्राहक आयोगाचं, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या जिल्ह्याच्या मंचाचं, दार उघडं आहे. शेजारच्या गावच्या गुरुजींनी स्वतःची वापरलेली गाडी विकली असेल तर हा कायदा लागू होत नाही. तिथे करार कायद्यातल्या फसवणुकीच्या कलमांवर दिवाणी कोर्टात जावं लागतं. मधल्या एजंटने दलाली घेतली असेल आणि त्याची यूपीआय नोंद असेल, तर त्याच्या सेवेबद्दल मात्र आयोगात तक्रार मांडता येते.

गाडी धंद्यासाठी घेतली असेल तर आयोग तक्रार फेटाळू शकतो. पण स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेल्या गाडीला सवलत आहे. तसं तक्रारीत स्पष्ट लिहा.

दुरुस्तीची घाई करू नका

बहुतेक जण इथेच हरतात. गाडी बंद पडली की ओळखीच्या मिस्तरीकडे ओढून नेतात, तो इंजिन खोलतो, जुने पार्ट भंगारात जातात आणि पुरावा संपतो. आधी गाडी आहे त्या अवस्थेत त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला दाखवा. काय बिघडलंय आणि ते साधारण कधीपासूनचं दिसतंय, हे लेटरहेडवर लिहून घ्या, खर्चाचं एस्टिमेट घ्या. दुरुस्ती टळणारच नसेल तर फोटो, व्हिडिओ काढून बदललेले पार्ट गोणीत भरून घरी ठेवा.

आपल्याकडे खान्देशात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे लपवलेला बिघाड बहुधा कूलिंगमध्ये सापडतो. इंजिन ऑइलचं झाकण उघडा. आतून चहाच्या सायीसारखा फिकट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील) गेल्याची शंका घ्या. हिवाळ्यात विकलेल्या गाडीत हे सहज लपतं. पाहायला गेलात तेव्हा इंजिन आधीच गरम होतं का, हेही आठवून बघा.

मीटर मागे केल्याचा संशय असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे गाडीच्या नंबरावरून जुनी सर्व्हिस हिस्ट्री मागा. तीन वर्षांपूर्वी 90 हजार आणि आज मीटरवर 48 हजार, हे कागदावर आलं की विक्रेत्याला उत्तर सुचत नाही.

गुजरात पासिंगचा गुंता

नवापूर ओलांडलं की गुजरात, त्यामुळे नंदुरबार-धुळ्याकडे सुरतच्या गाड्या स्वस्तात मिळतात. त्या स्वस्ताईत बऱ्याचदा महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरलेला नसतो. दुसऱ्या राज्याची गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आणि इथला नवा नंबर लागतो. 'पासिंग करून देतो' म्हणून दुकानदाराने पैसे घेतले आणि काम केलं नाही, तर ती सेवेतली त्रुटी. तक्रारीत वेगळा मुद्दा करा. आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच असेल तर तोही. नुसत्या सह्या केलेल्या टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलाच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर, समाधान मानू नका.

1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते विक्रेत्याकडे आहे का, हे लेखी विचारा.

नोटीस, मग आयोग

स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. काय सांगितलं होतं, काय निघालं, किती पैसे हवेत आणि 15 दिवसांची मुदत, एवढं पुरे. शिव्या लिहू नका. त्या उद्या तुमच्याच फाइलला लागतील. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही दुकानदार एवढ्यावरच तडजोडीला येतात.

नाही आला तर जिल्हा ग्राहक आयोग. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे तो आहे. गाडी सुरतच्या किंवा नाशिकच्या डीलरकडून घेतली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. माझ्या मते या कायद्यातली आपल्या भागाला सर्वांत उपयोगी सोय हीच. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही भरता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे, तेव्हा 'पुढच्या आठवड्यात बघू' या आश्वासनांवर दिवस घालवू नका.

व्हॉट्सअॅपच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा. मागणीत पैसे व्याजासह परत, दुरुस्तीचा खर्च, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च असे वेगवेगळे आकडे टाका. 'गाडी आहे तशी घेतली' असं तुमच्याकडून लिहून घेतलं असेल तर डीलर ते पुढे करेलच. झिजलेल्या पार्टांबद्दल त्याचा त्याला फायदा होईल. मीटर मागे केल्याच्या खोटेपणावर त्याने पांघरूण पडत नाही.

चासी नंबर खोडलेला किंवा गाडी चोरीची निघाली तर आधी पोलीस ठाणं. बाकी फसवणुकीत पोलीस 'हे दिवाणी आहे' म्हणून परत पाठवतील, तरी लेखी अर्ज देऊन पोहोच घ्या.

निकाल कायद्यातल्या 3 ते 5 महिन्यांत लागेल असं धरून चालू नका, तारखा पडतात. निकाल लागूनही डीलरने पैसे दिले नाहीत तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 72 खाली 1 महिना ते 3 वर्षं कैद किंवा किमान 25 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.