साईडवॉकवरच्या बर्फासाठी सिटीच्या मागे कसं लागायचं (ओंटारियोवाल्यांसाठी)

गेल्या फेब्रुवारीत आमच्या गल्लीत रस्ता चकाचक, गाड्या सुसाट, आणि साईडवॉकवर मात्र गुडघाभर बर्फ, त्यात प्लाऊवाल्याने (बर्फ ढकलणाऱ्या गाडीवाल्याने) रस्त्यावरचा सगळा ढीग नेमका बसस्टॉपसमोर आणून लावलेला. सासूबाई नुकत्याच भारतातून आल्या होत्या, खिडकीतून बघत म्हणाल्या, "एवढा टॅक्स भरता, मग माणसांनी चालायचं कुठून गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तीन हिवाळे सिटीशी, म्हणजे इथल्या महापालिकेशी, फोनवर भांडून एक कळलंय, "खूप बर्फ आहे हो" म्हणून काहीही होत नाही, तिकडच्या माणसाला सेंटिमीटर आणि तास सांगावे लागतात.

पहिलं काम, साईडवॉक कोणाच्या गळ्यात आहे ते बघा. काही शहरं सगळेच साफ करतात, काही फक्त मोठ्या रस्त्यांचे आणि बसरूटचे, आणि बाकीचे घरमालकाने करायचे असा बायलॉ (सिटीचा स्थानिक नियम) असतो. सिटीच्या वेबसाईटवर मिळतं हे सगळं. माझ्या मैत्रिणीने न बघताच तावातावाने कंप्लेंट केली, इन्स्पेक्टर आला आणि नोटीस तिलाच देऊन गेला, कारण तो तुकडा तिच्याच घरासमोरचा होता! पार्कातल्या पाथवेचंही तसंच, तोंडाशी 'नो विंटर मेंटेनन्स'ची पाटी असेल तर तिथे प्लाऊ येणारच नाही, फोन फुकट जाईल.

आता घड्याळ. ओंटारियोत रस्ते-साईडवॉक सांभाळायचा किमान दर्जा ठरवणारं एक रेग्युलेशन आहे, नंबर २३९/०२. त्यात असं आहे की बर्फ पडायचा थांबल्यावर ४८ तासांत साईडवॉकवरचा थर ८ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी व्हायला हवा आणि किमान १ मीटर रुंद वाट मोकळी हवी. म्हणजे ८ सेंटिमीटर तसाच राहिला तरी कागदोपत्री सगळं आलबेल, ज्याने हे लिहिलं त्याने बर्फातून स्ट्रोलर कधी ढकललेली नसणार. तुमच्या शहराने स्वतःचा याहून कडक नियम ठेवला असेल तर तोच धरून बोला. निसरड्या बर्फाचं गणित वेगळं आहे, तिथे ४८ तास सिटीला कळल्यापासून मोजतात, म्हणून काचेसारखा थर दिसला की त्याच दिवशी कळवा, शेजारचा कळवेल म्हणून बसू नका.

आणि एक पळवाट, जी मला दुसऱ्या हिवाळ्यात कळली. मोठं वादळ असेल तर सिटी 'सिग्निफिकंट वेदर इव्हेंट' जाहीर करू शकते, आणि ते संपल्याचं जाहीर होईपर्यंत हे घड्याळ चालूच होत नाही. फोन करायच्या आधी वेबसाईटवर तेवढं बघून घ्या, नाहीतर समोरचा तेच वाक्य ऐकवून फोन ठेवतो.

मग कंप्लेंट. पोराची कंपासपेटीतली पट्टी घ्या, बर्फात उभी खुपसा, फोटो काढा, फोटोत घरनंबर किंवा रस्त्याची पाटी येऊ द्या. तुमच्या शहरात ३११ (सिटीकडे तक्रार करायचा फोन नंबर) असेल तर त्यावर, नसेल तर सिटीच्या ॲपवर किंवा फॉर्मवर टाका: कुठून कुठपर्यंत, कोणत्या बाजूचा, बर्फ कधी थांबला, आत्ता किती सेंटिमीटर. "अख्खा एरिया" असं लिहू नका, एका जागेची एक कंप्लेंट. रेफरन्स नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब हे इथेही आहेच, फक्त इथे नंबर देऊन थांबवतात. दोन दिवसांत हललं नाही तर तोच नंबर आणि फोटो तुमच्या वॉर्डच्या काउन्सिलरच्या ऑफिसला ईमेल करा, चार ओळींत, रडगाणं नको. बसस्टॉप, शाळा, व्हीलचेअरवाला शेजारी असं काही असेल तर पहिल्याच ओळीत.

तोवर स्वतः शव्हल मारणार असाल तर बर्फ रस्त्यावर ढकलू नका, हायवे ट्रॅफिक ॲक्टमधे ते चालत नाही. उणे १० च्या खाली गेलं की साधं मीठ फारसं काम करत नाही, वाळू टाका. आजीआजोबांच्या बुटांना खिळेवाले क्लीट्स घ्या, पण घरात शिरताना काढायला सांगा, टाईल्सवर तेच पहिले घसरतात.

आणि कोणी पडलंच तर आधी डॉक्टर, आणि लगेच हे. सिटीच्या साईडवॉकवर पडलात तर १० दिवसांच्या आत सिटी क्लर्कला (साधा कारकून नव्हे, सिटीचा अधिकृत कागदपत्रं बघणारा अधिकारी) लेखी नोटीस जायला हवी, तारीख, वेळ, नेमकी जागा, काय लागलं ते लिहून, रजिस्टर्ड पोस्टाने. नुसतं ३११ ला सांगितलं म्हणजे नोटीस दिली असं धरून चालू नका. साईडवॉकवरच्या बर्फासाठी सिटीचा घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, साधी चूक पुरत नाही, म्हणून ते जुने रेफरन्स नंबर जपून ठेवा, तेव्हाच कामी येतात. प्लाझाच्या पार्किंगसारख्या खासगी जागेत पडलात तर मुदत ६० दिवस. पडल्या जागेचा फोटो त्याच दिवशी काढून घ्या, कारण दुसऱ्या दिवशी तिथे हमखास मीठ टाकलेलं असतं.