वसतिगृहातील मित्र मनाने खचला असेल तर काय करावे

ताप आलेल्या मित्रासाठी रात्री अकरा वाजता औषधाचे दुकान शोधणारी मुले, तोच मित्र पंधरा दिवस झोपला नाही तर ‘नाटकं करतो’ किंवा ‘याला येरवड्याला पाठवा’ असे म्हणून मोकळी होतात. येरवड्याच्या मनोरुग्णालयातून उपचार घेऊन असंख्य लोक आपापल्या घरी परतले आहेत. पण त्या गावाचे नाव टोमणा म्हणून वापरले, की ज्याला खरोखर त्रास होत असतो तो सर्वांत आधी गप्प होतो. म्हणून मदतीची पहिली पायरी म्हणजे हे शब्द खोलीतून हद्दपार करणे.

दुसरी पायरी लक्ष देण्याची. आमच्या वसतिगृहात एकाचा डबा सलग चार दिवस दाराशी तसाच राहिला आणि आम्ही तो वाटून खाल्ला. तो का जेवत नाही, हे कोणीच विचारले नाही. ती चूक मला आजही सलते. जेवण, झोप, आंघोळ, तास यांतील बदल दोन आठवडे टिकला, तर त्याला एकट्याला गाठून ‘तू जेवत नाहीस, मला काळजी वाटते’ एवढेच म्हणावे आणि नंतर ऐकावे. सल्ला देण्याची घाई करू नये.

जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट विचारावे; विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर ‘हो’ असेल, तर त्याला एकटे सोडू नये, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये आणि रेक्टर किंवा घरच्या विश्वासू माणसाला लगेच कळवावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते. पोलिसांच्या धाकाने आत्महत्येचा प्रयत्न लपवला जातो. मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असेच गृहीत धरले जाते आणि म्हणून तिला शिक्षा केली जात नाही.

सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात केसपेपर काढण्याच्या रांगेत त्याच्यासोबत उभे राहावे, पण ही गोष्ट वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ देऊ नये. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या परस्पर बंद केल्यास त्रास उलटतो. ‘सवय लागेल, सोड त्या गोळ्या’ असे कोणी म्हणाले, तर पुढच्या तारखेला त्याच्यासोबत जाऊन ती शंका डॉक्टरांनाच विचारावी.